तिथी, भरती आणि तंबूची जागा

धाराशिव जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तेरणा-मांजरेचे पाणी पावसाने चढते आणि आभाळ त्याची वर्दी आधी देते. समुद्राचे तसे नाही. निरभ्र आकाशाखालीही तो साधारण साडेबारा तासांनी पुन्हा चढतो. म्हणून दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांसह कोकणात तंबूत राहण्याचा बेत आखणाऱ्या कुटुंबांनी आधी तिथी पाहावी.

अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांत पंचांग पाहण्याची सवय असतेच. कोकणातील कोळीही तिथीवरूनच भरती ओळखतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, तर पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास, दुपारी आणि पुन्हा मध्यरात्री. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती सर्वांत मोठी असते. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग.

फसगत होते ती येथेच. पौर्णिमेला सायंकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. समोर रुंद, सपाट, घट्ट वाळू पसरलेली दिसते आणि तंबूला हीच जागा उत्तम वाटते. मध्यरात्री सारे गाढ झोपेत असताना पाणी तेथेच पोहोचते. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे पाडवा-भाऊबीजेच्या रात्रीही उधाणाच्याच असतात.

सुरक्षित जागेची खूण किनाऱ्यावरच असते. वाळलेले शेवाळ, काटक्या, शिंपले यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तेथवर पाणी येऊन गेलेले असते. तिच्याही वर, आपट्यासारख्या पानांची आणि जांभळ्या फुलांची वेल वाळू धरून पसरलेली असते. तिचे नावच मर्यादवेल. तंबू तिच्यापलीकडे, सुरूच्या बनाजवळ असावा. वेल मात्र तुडवू नये. खाडीचे मुख आणि नारळाच्या झाडाखालची जागा टाळावी. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबांना जागा उजेडीच निवडावी लागते, हा त्यांचा लाभच होय.

परंतु तिथीचे हे गणित तंबूपुरतेच. दि. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले पुण्यातील १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी कृष्ण अष्टमी होती, म्हणजे भांगाचा दिवस. भरती लहान असली तरी प्रवाह आणि पाण्याखालचे खड्डे तेथेच असतात. विहिरीत किंवा तलावात पोहणाऱ्यास त्यांची कल्पना नसते.

म्हणून पोहोचताच स्थानिक कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना दोन गोष्टी विचाराव्यात: आज पाणी कोठवर येणार आणि कोठे उतरू नये. ‘येथे उतरू नका’ असे उत्तर आले, तर कितीही दुरून आलेले असले तरी मुलांना किनाऱ्यावरच खेळू द्यावे. संकटसमयीचा ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.