दाबाची घट आणि न्यूट्रलची तार

उन्हाळ्यातील रात्री घरगुती वीजदाब 230 व्होल्टवरून 190 पर्यंत उतरला की त्याचे खापर निर्मितीच्या तुटवड्यावर फोडले जाते. परंतु निर्मिती आणि मागणी यांतील असमतोल प्रथम वारंवारितेत, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येत, उमटतो, आणि 2013च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यापासून ती देशभर जवळजवळ एकच असते. एका गल्लीत 190 आणि शेजारच्या गल्लीत 225 व्होल्ट मिळत असतील, तर दोष त्या गल्लीच्या रोहित्रात, वाहिनीत किंवा जोडांतच शोधावा लागतो.

वितरण रोहित्राची दुय्यम बाजू भार नसताना 433 व्होल्टची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल यांच्यात 250 व्होल्टची, ठेवलेली असते, कारण वाटेतील घट गृहीतच धरलेली असते. मात्र प्रवाह वाढेल तशी ती घटही वाढते. लघुदाब वाहिनीवरील वीझल तारेचा रोध किलोमीटरला सुमारे 0.9 ओहम असतो. रोहित्रापासून 300 मीटरवर एकाच फेजवर 50 अँपियर भार असेल, तर फेजच्या तारेत साडेतेरा आणि तेवढ्याच जाडीच्या न्यूट्रलमधून परतताना आणखी साडेतेरा, असे 27 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. हाच भार तिन्ही फेजांवर सारखा वाटला, तर न्यूट्रलमधील प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो आणि घट साडेचार व्होल्टवर येते. नवी वाहिनी न ओढता हा सहापट फरक साधत असताना, जोडणी देताना खांबावर हाताशी येईल ती फेज पकडण्याची सवय सुटत नाही, ही खेदाची बाब आहे.

पाहणीही बहुधा सकाळी, भार हलका असताना होते आणि आकडा ठीक दिसल्याने तक्रार मिटवली जाते. वास्तविक कमाल मागणीच्या वेळी रोहित्रावर आणि ग्राहकाच्या मीटरवर एकाच सुमारास दाब मोजला, तरच दोष वाहिनीत आहे की रोहित्राच्याही मागे, 11 केव्हीच्या बाजूला, हे कळते. त्याच फेरीत क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजांचा आणि न्यूट्रलचा प्रवाह नोंदवता येतो.

ही नोंद होण्याआधीच ग्राहकाला स्टॅबिलायझर सुचवणे घातक ठरते, कारण 180 व्होल्ट घेऊन 230 देणारा स्टॅबिलायझर उपकरणाला पुरवलेल्या प्रवाहाच्या किमान 1.28 पट प्रवाह वाहिनीतून ओढतो आणि त्याच फेजवरील शेजाऱ्यांचा दाब आणखी खाली नेतो.