आज्याची माती हाच आमचा पुरावा

अष्टमीच्या आजूबाजूच्या वाड्यांवरल्या भावांनो, बायांनो,

साहेब विचारतात, तुम्ही इथले कशावरून? कागद दाखवा. आमच्या आज्याचा जन्म कुणी नोंदला नाही, मरणही नाही. पण त्याला कुठं पुरलं ते वाडीला ठाऊक हाय.

साहेब म्हणतात, तुम्ही फिरते लोक. पोटासाठी कोळशाच्या न् विटांच्या भट्टीवर जातो, खरंय. काहींची म्हातारी माणसं तिकडंच मेली, तिकडंच पुरली. ती माती आता सापडायची नाही. म्हणून वाडीत जी हाय, ती तरी सोडायची नाही.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या 2008 च्या नियमांत 13 वा नियम वाचा. विहीर, दफनाची जागा, देवाचं ठिकाण हा पुरावा धरलाय. म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही धरलाय. एकाहून जास्त पुरावे लागतात. थडगं न् जबाब, झाले दोन! अमुकच कागद आणा, अशी सक्ती करता येत नाही, हे 2012 च्या दुरुस्तीत हाय.

तर म्हाताऱ्यांचे पाय चालतात तोवर त्यांना रानात न्या. दगड दाखवू द्या. वनहक्क समितीनं जागा नकाशात घ्यावी, ग्रामसभेनं ठराव करावा. म्हातारी गेली, की साक्षही गेली!