पाचव्या नंबरचं कार्ड

बर्लिनच्या फुटपाथवर हापसे आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. क्रॉइत्सबर्ग भागात पहिला दिसला तेव्हा मी पर्स भाचीकडे दिली आणि सरळ दांडा धरला. ओतीव लोखंड, हिरवा रंग, आमच्या गावच्या हापशापेक्षा पुष्कळ देखणा. पण कुरकुर तीच आणि पहिले आठ-दहा हात कोरडे जाणंही तेच. मग भसकन पाणी आलं. भाची तीन वर्षं तिथे राहतेय, तिनं कधी हात लावला नव्हता. शहरात असे दोन हजारांच्या आसपास हापसे आहेत. संकटात नळ बंद पडले तर असावेत, म्हणून ते राखलेले आहेत.

तशी वेळ एकदा येऊन गेली आहे. २ मे १९४५ रोजी बर्लिनमधल्या जर्मन फौजेनं रशियनांपुढे शस्त्रं टाकली, सहा दिवसांनी कार्ल्सहोर्स्टला शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि युरोपातलं महायुद्ध संपलं. इतिहासाची पुस्तकं इथे पान उलटतात आणि पुढच्या पानावर थेट शहराच्या फाळणीला हात घालतात. मला मात्र ३ मेची सकाळ बघायची असते. नळाला पाणी नाही, वीज नाही, गॅस नाही. पंधरा लाखांपैकी सहा लाख घरं गेलेली. जे काही छप्पर उरलंय त्याखाली लेकरं, म्हातारी माणसं आणि त्यांचं करणारी एक बाई. युद्धाआधी ४३ लाखांचं असलेलं हे शहर ऑगस्टच्या शिरगणतीत २८ लाखांचं भरलं, आणि त्यात पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट बायका. पुरुष मेलेले, कैदेत, नाहीतर बेपत्ता. पडक्या घरांच्या दारा-भिंतींवर खडूनं निरोप लिहिलेले असत: आम्ही जिवंत आहोत, अमक्या गल्लीत मावशीकडे आहोत. परतणारा माणूस आधी भिंत वाचायचा.

आणि ती बाई बादली घेऊन हापशाच्या रांगेत. तोफा चालू होत्या तेव्हाही ती तिथेच होती.

त्या आठवड्यांत रशियन सैनिकांनी बर्लिनच्या बायकांवर जे अत्याचार केले त्यांची एक नोंद आपल्यापर्यंत पोचली, ती 'अ वूमन इन बर्लिन' या एका बाईच्या निनावी डायरीतून. २० एप्रिल ते २२ जून १९४५ या दोन महिन्यांची ती डायरी आहे. बलात्कार, पाण्याची रांग, सूपसाठी खाजकुइलीसारखा झोंबणारा पाला खुडून आणणं, हे सगळं तिनं एकाच कोरड्या आवाजात लिहिलंय. पुस्तक आधी १९५४ साली अमेरिकेत इंग्रजीत निघालं. १९५९ साली जर्मनमध्ये आलं तेव्हा तिच्याच माणसांनी तिला निर्लज्ज ठरवलं. मग तिनं जिवंतपणी ते पुन्हा छापू दिलं नाही. ते आलं २००३ मध्ये, ती गेल्यावर. मला वाटतं, लोकांना बलात्काराच्या उल्लेखापेक्षा तिचं न रडणं जास्त झोंबलं असावं.

पण आज मला लिहायचंय ते रेशनकार्डाबद्दल.

१५ मेपासून रशियन कमांडंटनं शहरात रेशन लावलं. एवढ्या लवकर अन्नाची घडी बसवली, याचं श्रेय त्या अंमलाला द्यायला हवं. कार्डांचे पाच वर्ग होते. पहिला वर्ग अंगमेहनतीची जड कामं करणाऱ्यांचा. त्यांच्यासोबत नामवंत शास्त्रज्ञ, डॉक्टर, कलावंत. यांना दिवसाला ६०० ग्रॅम पाव, १०० ग्रॅम मांस, ३० ग्रॅम तूप-लोणी-चरबी. कलावंतांना पहिलं कार्ड देण्यात रशियनांचा हिशेब होता आणि तो खोटा ठरला नाही. शरणागतीला तीन आठवडे होतात न होतात तोच, २६ मेला, श्टेग्लित्समधल्या टिटानिया पालास्ट या सिनेमागृहात बर्लिन फिलहार्मोनिकनं मैफल केली, आणि सुरुवातच मेंडेल्सझोनच्या रचनेनं केली. ज्यू म्हणून बारा वर्षं त्याचं संगीत बंद होतं. संचालन करणारे लेओ बोर्शार्ड ऑगस्टमध्ये एका अमेरिकन पहारेकऱ्याच्या गोळीनं चुकून मारले गेले. शांतता अशी होती.

पाचवं कार्ड सगळ्यात खालचं. ३०० ग्रॅम पाव, २० ग्रॅम मांस, ७ ग्रॅम चरबी. परत आल्यावर मी स्वयंपाकघरात काट्यावर ७ ग्रॅम लोणी तोलून पाहिलं. चहाचा दीड चमचा. सकाळच्या एका टोस्टला लावलं की दिवस संपला. आता हे कार्ड कुणासाठी होतं ते बघा: बेकार, पेन्शनीतली म्हातारी माणसं, नाझी पक्षाचे सभासद आणि गृहिणी. पोरांना वेगळं कार्ड होतं. म्हणजे पाणी आणायचं, जळण शोधायचं, रांगेत उभं राहायचं, पोरांच्या आणि सासूच्या पोटात काहीतरी घालायचं ते जी करते, तिला काम न करणाऱ्यांत आणि पराभूत पक्षाच्या सभासदांत बसवलं होतं. बर्लिनकर या कार्डाला स्वर्गारोहणाचं कार्ड म्हणायचे. आपण वैकुंठाचं तिकीट म्हटलं असतं.

माझी आई पहाटे पाचला उठायची आणि रात्री अकराला आडवी व्हायची. आमच्या शाळेच्या फॉर्मवर वडील तिच्या नावापुढच्या 'व्यवसाय'च्या रकान्यात एक आडवी रेघ ओढत. ओळख करून देताना ती स्वतःच म्हणे, "मी काही करत नाही, घरीच असते." त्यामुळे बर्लिनच्या त्या अधिकाऱ्याला मी नावं ठेवत नाही. त्याला उत्तर तयारच मिळालं असणार.

पाचव्या कार्डातून वर यायची एक वाट होती: हातोडी. मलबा उपसायच्या कामावर नाव लावलं की दुसरं कार्ड मिळे, शिवाय तासाला ७२ फेनिग मजुरी. काळ्या बाजारात पावाचा एक लोफ घ्यायला आठवड्याची मजुरीही पुरत नसे. तिथे खरं चलन अमेरिकन सिगारेट होतं. म्हणजे काम पैशासाठी नव्हतंच, कार्डासाठी होतं. साडेसात कोटी घनमीटर मलबा पडला होता. बायका ओळीनं उभ्या राहून बादल्या हातोहात पुढे सारायच्या, जशा आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी पाट्या जातात. सुटी वीट मांडीशी घ्यायची, हातोडीच्या टोकानं जुना चुना खरवडायचा, चारी बाजू कोऱ्या झाल्या की थप्पीला लावायची. हीच वीट पुन्हा भिंतीत जाणार असते, म्हणून फुटता कामा नये. हातमोजे बहुतेकींना नसत.

त्या बायकांचे फोटो जगभर गेले, पुतळे झाले, आणि 'जर्मनी बायकांनी विटा पुसून उभा केला' ही गोष्ट पक्की झाली. लेओनी ट्रेबर या इतिहासकार बाईंनी २०१४ च्या पुस्तकात ती तपासली. बर्लिनमध्ये या कामावर साधारण २६ हजार बायका होत्या, म्हणजे शहरातल्या बायकांच्या पाच टक्क्यांहूनही कमी. सुरुवातीला नाझी सभासदांना शिक्षा म्हणून जुंपलं होतं आणि मोठा ढिगारा पुढे कंपन्यांनी यंत्रं लावून उपसला. ट्रेबरबाईंवर पुष्कळ लोक रागावले. मला तर त्यांचा आकडा वाचून उलटाच प्रश्न पडला: मग उरलेल्या पंच्याण्णव टक्के बायका काय करत होत्या? त्यांचा पुतळा कुठे आहे?

त्या मलब्याच्या कामावर थेआ फॉन हार्बूही होती. १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या गाजलेल्या चित्रपटाची ही लेखिका. नवरा, दिग्दर्शक फ्रिट्झ लांग, याच्यापासून विभक्त झाल्यावर तिनं बेळगावजवळच्या बेळगुंदीहून बर्लिनला शिकायला आलेल्या अयी तेंडुलकरांशी गुपचूप लग्न केलं होतं. ती नाझी पक्षाची सभासद आणि नवरा हिंदुस्थानी, हे कोडं तिनं कसं सोडवलं होतं कोण जाणे. तेंडुलकर युद्धाआधीच परतले. १९४५ साली त्यांनी सेवाग्रामला गांधीजींच्या आशीर्वादानं इंदुमती गुणाजींशी लग्न केलं. त्या वर्षी थेआ आधी इंग्रजांच्या छावणीत कैद होती, आणि सुटल्यावर बर्लिनमध्ये विटा उचलत होती.

उरलेल्या पंच्याण्णव टक्क्यांचं उत्तर थोडंफार टियरगार्टन या बागेत सापडतं. शहराच्या मधोमधच्या या जंगलात दोन लाख झाडं होती. जळणासाठी तोडून सातशेच उरली. मोकळ्या जमिनीचे वाफे पाडून बायकांनी बटाटे आणि कोबी लावला, अगदी राइशस्टाग या जळक्या संसदभवनाच्या समोर. सैनिकांच्या लोखंडी टोप्यांना भोकं पाडून चाळण्या केल्या. घरातल्या चादरी, घड्याळं, गालिचे घेऊन आगगाडीला लटकत खेड्यात जायचं आणि पोतंभर बटाटे घेऊन यायचं. शेतकऱ्यांच्या गोठ्यातही आता गालिचे अंथरलेत असा विनोद शहरात चाले. यातल्या कशालाही कुठल्या कार्डाच्या वर्गवारीत 'काम' म्हटलेलं नव्हतं. बागेत पुन्हा झाडं लागली ती १९४९ पासून, जर्मनीच्या दुसऱ्या शहरांनी पाठवलेल्या रोपांतून.

गृहिणींचं पाचवं कार्ड मार्च १९४७ मध्ये बंद झालं. तोवर दोन हिवाळे गेले होते, आणि दुसऱ्यात बर्लिनमध्ये शेकडो माणसं थंडीनं गारठून मेली होती.