एलिमेंटरीनंतर पुढे काय?

शिरूर, दौंडच्या शाळांतली मुले चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांसाठी वस्तुचित्र, संकल्पचित्र घोटतात. दहावीला वाढीव गुण मिळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. हे थांबायला हवे.

शाळेच्या संगणकावर सिनफिग स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर टाकले, तर तोच हात ॲनिमेशनकडे वळू शकतो. दौंड जंक्शनात शिरणारे इंजिन काढायचे, तर चाकासाठी वर्तुळाचे टूल, धुरासाठी वक्ररेषेचे. बिंदूंच्या दांड्या ओढल्या की रेषा वळते. कडेचा रंग वेगळा, आतला वेगळा. खोडरबर न लावता दोन्ही कधीही बदलता येतात. चित्र गणिती रेषांचे असल्याने कितीही मोठे केले तरी फाटत नाही. इंजिनाची पहिली आणि शेवटची जागा ठरवली की मधल्या चौकटी संगणक भरतो.

दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या ॲनिमेशनपटात एकेक काडी हाताने सरकवली होती. आज ते काम संगणक करतो आणि साधनही फुकट आहे.

म्हणून चित्रकला आणि संगणकाच्या शिक्षकांनी आठवड्याचा एक तास एकत्र घ्यावा. सुरुवात घोडनदीच्या पुलापासून करावी: तीन आकार, चार रंग आणि वाहणारे पाणी.