संधी आणि स्क्रू

व्याकरणात दोन वर्ण शेजारी आले की त्यांची संधी होते. खिळा लागत नाही की स्क्रू! हाडांचे मात्र तसे नाही. कमरेचा एखादा मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो, पायाकडे जाणारी शीर चिमटते आणि औषधे, व्यायाम सगळे हात टेकतात. मग ते दोन मणके कायमचे सांधण्याची गोष्ट निघते.

ही युक्ती १९११ सालची. न्यूयॉर्कच्या हिब्ज आणि आल्बी या शल्यविशारदांनी आपापल्या रीतीने ती प्रथम मांडली. पण हाडाला हाड मिळायला महिने लागतात. तोवर मणके हलू नयेत कसे? १९६३ साली पॅरिसच्या रॉय-कामीय यांनी मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागात जाणाऱ्या आखूड हाडी खांबातून स्क्रू घातले आणि ते पट्ट्यांनी जखडले.

हा जुना स्क्रू बाहेरून आत तिरपा, खोलवर जातो. म्हातारपणी आतले जाळीदार हाड विरळ झाले, की त्याची पकड सैल पडते. म्हणून २००९ साली दुसरी वाट पुढे आली. हा स्क्रू आखूड; तो मध्याजवळून बाहेर आणि वर जातो आणि हाडाच्या टणक कवचाला धरतो. स्नायूही कमी बाजूला सारावे लागतात. उलट, अनेक मणके जखडायचे किंवा वाकलेला कणा सरळ करायचा, तर जुनी वाटच अधिक चालते. मणके सांधण्याच्या बाबतीत दोन्ही जवळपास बरोबरीच्या.

रोग्याला भेटायला आलेली मंडळी मात्र पहिल्यांदा विचारतात, "स्क्रू इंपोर्टेड आहे ना?" अहो, स्क्रू म्हणजे स्लॅबखालचे सेंटरिंग! फरक इतकाच, की हे बहुधा आतच राहते. तो नुसता धरतो. जोडते ते हाड. हाड जुळले नाही, तर उत्तम धातूही कालांतराने सैल होतो, नाहीतर मोडतो. आणि विडी-सिगारेट त्या जुळण्याच्या मुळावरच येते.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचारावे : सांधणे खरोखरच हवे का, की नुसती शीर मोकळी करून भागेल? माझे हाड कितपत भक्कम आहे? स्क्रूची चौकशी त्यानंतर.

कारण शब्दांच्या संधीचा विग्रह करता येतो. सांधलेले मणके पुन्हा पहिल्यासारखे सुटे होत नाहीत.