वाद नायकाचा, हिशेब कोणाचा?

चित्रपट पडद्यावर येण्याच्या वर्ष-दीड वर्ष अगोदरच त्याच्या कथेवर हिरिरीने वाद घालणारा प्रेक्षकवर्ग हे आजच्या नागर जीवनाचे एक नवे लक्षण होय. कोल्हापूरही त्याला अपवाद नाही. रंकाळ्याच्या काठावर, राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यांपाशी किंवा महाविद्यालयांच्या आवारात ‘अ‍ॅव्हेंजर्स’ ह्या अमेरिकी चित्रमालिकेचा विषय निघाला की तरुणांत तत्काळ दोन तट पडतात. २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये आयर्न मॅन हा नायक विश्वाच्या रक्षणासाठी प्राण देतो. ती भूमिका करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर हाच नट ‘डूम्सडे’ ह्या पुढल्या भागात डॉक्टर डूम नावाच्या खलपुरुषाच्या वेषात येईल, अशी घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. मग वाद पेटला. ज्याच्या मरणाने प्रेक्षक हळहळला त्याचाच चेहरा गल्ल्यासाठी परत आणणे ही त्या मरणाची विटंबना आहे, असे एक पक्ष म्हणतो. एकच माणूस वेगळ्या परिस्थितीत रक्षकाचा भक्षक होऊ शकतो, हे दाखविण्याची ही संधी आहे, असे दुसरा पक्ष मानतो. पुढे प्रदर्शनाची तारीख मे २०२६ वरून १८ डिसेंबर २०२६ अशी लांबविण्यात आली आणि वादालाही तेवढी मुदतवाढ मिळाली.

वडीलधाऱ्या मंडळींना हा सारा पोरखेळ वाटतो. पुरोगामी म्हणविणारे त्यापुढे जाऊन त्याला भांडवलशाहीने तरुणांना चारलेली अफूची गोळी ठरवितात आणि आपले काम संपले असे समजतात. हे दोन्ही निवाडे उतावीळ आहेत. एखाद्या पात्राच्या वर्तनात सुसंगती आहे काय, त्यागाला किंमत कशामुळे येते, सत्ता हाती असलेल्याने कोणाला जाब द्यावा, हे प्रश्न पोरकट नाहीत. हा वाद चित्रपटापेक्षाही अधिक मोलाचा आहे. तक्रार करायचीच तर ती एवढीच की, तो जेथे थांबतो तेथे त्याने थांबता कामा नये.

ह्या व्यवसायाचे अर्थकारण प्रथम समजून घेतले पाहिजे. जुन्या रीतीत तिकिटाच्या मोबदल्यात प्रेक्षकाला पूर्ण कथा मिळे आणि व्यवहार तेथेच संपे. चित्रमालिकेत कथा अपुरी ठेवणे हाच धंद्याचा पाया आहे. चित्रपटनिर्मितीत जोखीम मोठी असते, कारण प्रेक्षक येईल की नाही हे पैसा गुंतवून झाल्यावरच कळते. पुढच्या भागाची उत्कंठा टिकवून धरली की ही जोखीम कमी होते, आणि जोखीम कमी झाली की भांडवल सुलभ होते. २००५ साली मार्व्हल कंपनीने आपल्या दहा पात्रांचे चित्रपट-हक्क तारण ठेवून ५२.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सोय केली. शेतकरी जमीन गहाण ठेवतो, कारखानदार यंत्रे ठेवतो. येथे गहाण पडली ती लोकांच्या मनातली ओढ. २००९ मध्ये डिस्ने कंपनीने सुमारे ४०० कोटी डॉलर देऊन मार्व्हल विकत घेतली, आणि दहा वर्षांनी एकट्या ‘एंडगेम’ने जगभर सुमारे २८० कोटी डॉलरचा गल्ला जमविला.

ह्या मालमत्तेची राखण करतो कोण? ती चाहता करतो, आणि तीही बिनपगारी. २६ मार्च २०२५ रोजी कंपनीने ‘डूम्सडे’तील नटांची नावे जाहीर केली ती एकेक रिकामी खुर्ची दाखवून. पाच तासांहून अधिक वेळ जगभरचे लोक खुर्च्यांच्या पाठीवरील नावे वाचत बसले. आपल्याकडेही ह्याहून निराळे घडलेले नाही. जुलै २०१५ मध्ये ‘बाहुबली’चा पहिला भाग आला आणि एप्रिल २०१७ मध्ये दुसरा. ह्या दोन तारखांच्या मध्ये ‘कटप्पाने बाहुबलीला का मारले?’ हा प्रश्न गावोगाव विचारला गेला. तो विचारणाऱ्यांना मौज मिळाली हे खरे. परंतु त्या प्रत्येक उच्चाराने निर्मात्याचा जाहिरातखर्च हलका केला, हेही तितकेच खरे. आपल्या गप्पांना बाजारात किंमत आहे, हे चाहत्याला अजून पुरते उमगलेले नाही. कंपनीला ते केव्हाच उमगले आहे.

म्हणून चाहते केवळ फसलेले आहेत, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. त्यांची बुद्धी किती तल्लख असू शकते ह्याचे उदाहरण थॅनॉसच्या वादात सापडते. २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मधला हा खलपुरुष म्हणतो की, विश्वात तोंडे फार आणि साधने थोडी; सबब निम्मी जीवसृष्टी नाहीशी केली की उरलेली सुखाने जगेल. श्रीमंत-गरीब असा भेद न करता तो चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्यांचा संहार करतो. चित्रपट पाहून आलेल्या अनेकांनी विचारले, ‘त्याचे म्हणणे खरोखरच चूक होते काय?’ आणि अनेकांनी उलट सवाल केला, ‘एवढी शक्ती हाती होती तर त्याने साधनेच दुप्पट का केली नाहीत?’ अर्थशास्त्राच्या वर्गात १७९८ चा माल्थसचा निबंध शिकविताना जो प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून काढून घ्यावा लागतो, तो येथे चहाच्या पेल्याबरोबर आपोआप निघाला.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. १९७२ च्या दुष्काळात पिके बुडाली, गुरे छावण्यांत गेली. ‘तोंडे फार’ हा सिद्धान्त खरा असता तर मृत्यूंची रांग लागायला हवी होती. तसे घडले नाही, कारण लोकांनी काम मागितले आणि शासनाला ते द्यावे लागले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडून मिळालेल्या मजुरीने त्यांनी धान्य घेतले, आणि कामांवर सुकडी वाटली गेली. ह्याच अनुभवातून वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला बळ मिळाले, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. भूक ही धान्याच्या राशीपेक्षा ते धान्य मिळविण्याच्या हक्कावर अवलंबून असते, हे अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ मध्ये बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा दाखला देऊन मांडले. मराठवाड्यातील मजूर बाईला ते रस्त्याच्या कामावर अगोदरच कळले होते.

थॅनॉसची दुसरी बाजूही आपण पाहिलेली आहे. आणीबाणीत लोकसंख्येचा बागुलबोवा पुढे करून १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा होऊ शकले नाही. पडद्यावरच्या संहारात चिठ्ठी सर्वांच्या नावाने पडते. प्रत्यक्षात सक्तीची चिठ्ठी झोपडपट्टीतल्या, भूमिहीनाच्या आणि अल्पसंख्याकाच्या दारात वारंवार पडते. ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी ह्या तरुणांना सांगायला हवी होती. त्यांना हसण्यात जो वेळ गेला, तो सांगण्यात जायला हवा होता.

आता वाद जेथे थांबतो त्या जागेकडे वळू. चाहता कथेतील प्रत्येक दुवा तपासतो, परंतु ती कथा कोणाच्या श्रमातून उभी राहते हे सहसा विचारीत नाही. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्यांनी १९३८ मध्ये त्या पात्राचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले. पात्राने पुढे कोट्यवधी कमावले. जनक उतारवयात विपन्नावस्थेत होते. सुपरमॅनच्या भव्य चित्रपटाची तयारी सुरू झाली तेव्हा सीगलने हा अन्याय वृत्तपत्रांपुढे मांडला, व्यंगचित्रकार त्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि १९७५ च्या अखेरीस कंपनीला दोघांना प्रत्येकी वार्षिक २०,००० डॉलर निवृत्तिवेतन व श्रेयनामावलीत स्थान देणे भाग पडले. न्यायालयाने जे दिले नव्हते ते लोकमताने मिळवून दिले. त्यासाठी साधलेली वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रपट यायचा होता आणि कंपनीला आपले नाव जपायचे होते. प्रदर्शनापूर्वीचा काळ हा कंपनीच्या दृष्टीने विक्रीचा हंगाम असतो. लोकमताच्या दृष्टीने तोच वाटाघाटीचा हंगाम असतो.

हा प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. सुपरहिरोच्या चित्रपटांत इमारती कोसळतात, आकाश फाटते, ते सारे संगणकावर रंगविले जाते आणि त्यातले बरेच काम मुंबई, बंगळूरु, चेन्नई येथील तरुण रात्रपाळ्या करून पुरे करतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा ह्या क्षेत्रातील बडा उद्योगसमूह कोसळला तेव्हा भारतातील तीन हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांचा रोजगार गेला. त्याच्या दीड वर्ष आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मार्व्हलच्या अमेरिकेतील दृश्यपरिणाम-कामगारांनी एकमुखाने संघटनेच्या बाजूने कौल दिला होता. विश्व वाचविणाऱ्या नायकाचे अंगवस्त्र रंगविणाऱ्याला स्वतःची नोकरी वाचविण्यासाठी संघटनाच लागते, ह्याहून बोलके भाष्य त्या कथांवर कोणी करू शकणार नाही.

ह्या कथांतील आणखी एक उणीव कोल्हापूरकराच्या नजरेत भरायला हवी. संकट आकाशातून येते, नायकही आकाशातून येतो, आणि नगरातील माणसे तेवढी वर पाहत पळत असतात. संकटाला कारण नाही व नागरिकाला काम नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत ह्या जिल्ह्याने संकट आकाशातून येताना पाहिले. परंतु पावसाइतकाच पूररेषेतील बांधकामांचा, धरणांतील विसर्गाच्या नियोजनाचा आणि नदीपात्रातील भरावांचा प्रश्न त्यानंतर चर्चेला आला. आकाशातल्या संकटाचीही मुळे जमिनीत असतात. आणि पाण्यात अडकलेल्यांना बाहेर काढताना आपत्ती दलांच्या जवानांबरोबर तालमींची पोरे व गावोगावचे लोक उतरले. त्यांतील कोणालाही उडता येत नव्हते. त्याआधी खासगी कंपनीच्या टोलविरुद्ध ह्या शहराने कित्येक वर्षे लढा दिला. एन. डी. पाटलांसारखा वयोवृद्ध नेता रस्त्यावर उतरला, गोविंद पानसरे त्यात होते, रिक्षावाले होते, गृहिणी होत्या. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करण्याचा निर्णय शासनाला घ्यावा लागला. ह्या लढ्याला पुढचा भाग जोडून तिकिटे विकता येत नाहीत, म्हणून त्याची कथा कमी रोमहर्षक ठरत नाही.

ह्याच नगरीत चित्रकलेने आणि यंत्रविद्येने एकत्र येऊन पडद्यावर मोठी झेप घेतली होती. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडविला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ काढला आणि १९२५ मध्ये, ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून, ‘सावकारी पाश’. पहिल्यात पराक्रमी वीर होता. दुसऱ्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी होता आणि ती भूमिका शांतारामांनी केली होती. वीरकथा आवडणारा प्रेक्षक कर्जाची कथा समजून घेणार नाही, असे पेंटरांनी मानले नाही. शतकानंतरच्या प्रेक्षकाला त्याहून कमी लेखण्याचे कारण नाही.

तेव्हा ‘डूम्सडे’वर वाद जरूर व्हावा आणि कडाक्याचा व्हावा. मात्र डूम कोण, ह्या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न त्या मैफलीत विचारले जावेत. ह्या पात्राचा मालक कोण आणि जनकांना काय मिळाले? चित्रे रंगविणाऱ्या हातांना किती वेतन व किती विश्रांती मिळते? आणि नगरावर संकट आले तेव्हा कथेतील नागरिक काय करीत होता? हे प्रश्न विचारल्याने चित्रपटाची गोडी उणावणार नाही. पुढचा भाग कसा असावा हे कंपनी ठरवील. त्याविषयी काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र अद्याप कोणीही तारण ठेवलेला नाही.