सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर उघडून बघा!

मालवण किनाऱ्यावर गाडीचे मायलेज घटले, ‘चेक इंजिन’ दिवा लागला, की लगेच कूलंट टेम्परेचर सेन्सर बदलू नका. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना गंजतात, रेझिस्टन्स वाढतो. मग तापलेले इंजिनही ईसीयूला थंड वाटते आणि जादा इंधन सुटते.

रात्रभर उभ्या गाडीला सकाळी ओबीडी स्कॅनर लावा. कूलंटचे तापमान हवेइतके दिसायला हवे. उणे ४० अंश दिसले, तर सर्किट कुठेतरी तुटले आहे. आधी पिना साफ करा, मग मल्टिमीटर लावा. सेन्सर थंड असताना काही हजार ओहम आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहम दाखवत असेल, तर तो बहुधा ठीक आहे.

आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मात्र आंबोली घाटात काटा लाल पट्ट्यात गेला, तर सेन्सरवर खापर न फोडता आधी गाडी थांबवा.